लिखेल शे, पन देशी कितलाले?

भाव ऐकून तोंड वाकडं करणं ही बाजाराची अर्धी रीत आहे. निदान आमच्या खान्देशात तरी. आठवडे बाजारात गवारीच्या ढिगामागे बसलेल्या बाईला "काय भाव शे?" विचारायचं, तिनं आकडा सांगायचा, आणि आपण असं दचकायचं की जणू तिनं आपली नदीकाठची जमीनच मागितली. मग तिनं पावसाला बोल लावायचा, पिकअपवाल्याच्या भाड्याला लावायचा, आपण "राहू दे माय" म्हणत दोन पावलं पुढे जायचं, तिनं हाक मारायची. पाच रुपये सुटतात. कधी तेही सुटत नाहीत, मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या वर पडतात. दोघींचंही समाधान होतं, कारण दोघींनी एकमेकींना आपापली अडचण सांगून झालेली असते.

माझी माय या कलेत पारंगत आहे. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, तापीच्या अंगाचं. ती जळगावला माझ्याकडे आली की एकदा तरी महामार्गालगतच्या त्या मोठ्या दुकानात जाणं होतं. तिला तिथला गारवा आवडतो, ट्रॉली ढकलायला आवडते, आणि बाकी काहीही आवडत नाही. गेल्या खेपेला शेंगदाण्याची पाकिटं रचणाऱ्या पोराला तिनं विचारलं, "काय भाव शे रे भो?" तो म्हणाला, "आजी, तिथं लिहिलंय ना." माय म्हणाली, "लिखेल शे ते दिखस माले. पन देशी कितलाले?"

पोरगा हसला. नम्र होता बिचारा. त्याला काही उत्तरच नव्हतं, कारण कितलाले, म्हणजे केवढ्याला, द्यायचं हे त्याच्या हातात नाही. त्याच्या वरच्याच्या हातात नाही, काउंटरवरच्या मुलीच्या नाही, आणि बाहेर पडताना आपलं बिल बघून त्यावर पेनानं रेघ ओढणाऱ्या वॉचमनच्या तर नाहीच. (त्या रेघेचा मायला फार राग. पैसे मोजून घेतले, वर पिशवीत डोकावतात, हे तिला सोयऱ्यांनी निघताना गाठोडं तपासल्याइतकं अपमानाचं वाटतं.) भाव कुठल्या तरी दूरच्या कचेरीत ठरतो, तिथून यंत्रात येतो, यंत्रातून चिठ्ठीवर. त्या वाटेवर असा एकही माणूस नाही की ज्याच्यासमोर तोंड वाकडं करावं.

महागाईपेक्षा मला हे जास्त खुपतं. महागाई काय, आजीच्या वेळीही होती.

त्या चिठ्ठीकडे जरा नीट बघा. वर छापील किंमत, तिच्यावर काट, खाली "आमची किंमत". छापील किंमत म्हणजे एमआरपी, सगळे कर धरून जास्तीत जास्त विक्री किंमत. तिच्यावर एक रुपया घेता येत नाही, खाली कितीही उतरता येतं. पण ती किती छापावी हे औषधांसारखे काही जिन्नस सोडले तर कंपनीच ठरवते. म्हणजे आधी आपणच चढा आकडा सांगायचा, मग आपणच "जाऊ द्या ताई, तुमच्यासाठी" म्हणत उतरायचं. घासाघीस दोन्ही बाजूंनी त्यांनीच करून ठेवलेली. आपण फक्त ट्रॉली घेऊन यायचं.

आता तेलाची पिशवी. ही मी हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून वाचलेली गोष्ट आहे. एका रांगेत चार कंपन्यांच्या पिशव्या. लांबून सगळ्या सारख्याच, आपल्या मनात त्या सगळ्या "एक किलोच्या". जवळून वाचलं तर एकीवर एक लिटर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. दुसरीवर ८५० ग्रॅम. तिसरीवर ८०० आणि काही. यात बेकायदा काही नाही. २०११ च्या वेष्टनाच्या नियमांत तेल, चहा, बिस्किटं, डाळी अशा जिनसांची मापं ठरवून दिलेली होती, अमुक इतक्याच ग्रॅमची पाकिटं काढा म्हणून. २०२१ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. त्या बदल्यात ग्राहकासाठी म्हणून पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापायचं बंधन आलं.

ऐकायला उत्तम. पण एक किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा आणि वरच्यावर किलोचा. त्यामुळे पिशवीवर बारीक अक्षरात ०.१६ आणि शेजारच्या पाच किलोच्या डब्यावर १६०. तीन घरं दशांशचिन्ह सरकवून कोण बघतं? मी बघते, माझा गणिताचा तासच असतो शाळेत. आणि सरकवून बघितलं की आणखी एक गंमत कळते. ग्रॅमचा भाव दोनच दशांशांपर्यंत छापतात. म्हणजे किलोला १५५ पडणारं तेल आणि १६४ पडणारं तेल, दोघांवरही ०.१६ च. नऊ रुपयांचा फरक त्या शून्यापुढच्या दोन आकड्यांत गडप. आठवडे बाजारातला काटा मारणारा म्हातारा निदान आपल्या डोळ्यासमोर काटा मारायचा, आणि आपण "भो, नीट मोज" तरी म्हणू शकायचो.

काटा मारायचाच तो. जुन्या बाजाराच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांतली मी नाही. आमच्या गावात किराण्याचं एकच दुकान होतं. शेठ भला माणूस, रात्री-बेरात्री दार वाजवलं तरी साखर द्यायचा. सगळं वहीत मांडलेलं. कापूस विकला की थोडे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत बाकीचे. पण उधारीवाल्याला भाव विचारायची सोय नसते. तो मांडेल तो आकडा. माझे वडील वही बघायचे तेव्हा त्यांचं बोट ओळीवरून सरकायचं आणि कुठंच थांबायचं नाही. थांबलं असतं तर पुढच्या महिन्याचं तेल-मीठ अडलं असतं. तालुक्याच्या गावात तऱ्हा आणखी वेगळी. चोपड्याच्या बाजाराला सातपुड्यातून उतरून येणाऱ्या पावरा आदिवासी बायकांना काही दुकानदार गिऱ्हाईक बघून भाव सांगायचे आणि कापड हातात घेतलं की खेकसायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्यांच्याच मुली मोठ्या दुकानात येतात, क्रीमची बाटली उलटसुलट करून बघतात, परत ठेवतात, दुसरी उचलतात, आणि "घ्यायचं असेल तर हात लाव" असं त्यांना कोणी म्हणत नाही. जो भाव कलेक्टरच्या बायकोला तोच त्यांना. हे लहानसहान नाही. तेव्हा मोठ्या दुकानांवर मी कितीही कुरकुरले तरी त्या चिठ्ठीचं हे एक पुण्य मान्य करूनच पुढे जाते.

२०१२ साली किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला परवानगी मिळाली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! परदेशी दुकानं येणार, वाणी बसणार. आमच्या गल्लीतला वाणी अजून बसलेलाच आहे, म्हणजे दुकानात, आणि त्याच्या ज्या काही गिऱ्हाइकी गेल्या त्या आपल्याच देशातल्या दुकानांनी नेल्या. तोही आता हुशार झालाय. साखर, साबण तो स्वतःच मोठ्या दुकानाच्या ऑफरमधून पोत्यानं उचलतो आणि आपल्या फळीवर लावतो. मी हे त्याला तोंडावर म्हटलं तर म्हणाला, "वहिनी, घाऊकवाल्यापेक्षा स्वस्त पडतं, मग काय करू?" यावर काय बोलणार.

कराचंही तसंच. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील लेबलच्या आट्यावर, डाळी-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. सुटं घेतलं तर नाही, २५ किलोच्या वरच्या पोत्याला नाही. आमच्याकडे वर्षाचं धान्य भरायची चाल असल्यानं आम्ही जरा बचावलो. उन्हाळ्यात गहू, ज्वारी, डाळी भरायच्या, नंदुरबारकडची मिरची आणून देठ खुडून, ऊन देऊन, कुटून डबे भरायचे, बिबडे-कुरडया करायच्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या जावेला कोठी ठेवायला जागा नाही, म्हणून ती महिन्याच्या महिन्याला पाकिटं आणते आणि तो कर देते. जागा नसण्याचाही कर असतो हे मला त्या निमित्तानं कळलं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पेपरात पानभर जाहिराती. मोठ्या दुकानात त्याच आठवड्यात काही भाव खरंच उतरले, हेही कबूल. वाणी मात्र दिवाळीपर्यंत "जुना माल आहे वहिनी" म्हणत राहिला. त्याच्याशी मी मनसोक्त भांडले. भांडता आलं, हा त्याचा फायदा.

त्याच सुमारास एक बातमी मायला वाचून दाखवली आणि फसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्के, पाव टक्का, तेव्हाच्या निर्देशांक-मालिकेतला नीचांक. माय म्हणाली, "कोन मोजस हाई?" मी तिला समजावलं, की महागाईचा दर उतरला म्हणजे भाव खाली आले असं नसतं, गेल्या वर्षापेक्षा चढण्याचा वेग उतरला, आणि यात तर भाज्या-डाळी खऱ्याच उतरल्यात, म्हणून एकूण आकडा इतका लहान दिसतो. शाळेत शिकवते तसं शिकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग डाळ सस्ती झाई, हाई तुना भाऊले कोन सांगी?"

माझा भाऊ शेती करतो. तूर, कापूस, नदीकडच्या तुकड्यात केळी. मी शहरात डाळ विकत घेते, तो गावात तूर विकतो, आणि दर रविवारी फोनवर आम्ही दोघं भावाविषयी कुरकुरतो. मी चढला म्हणून, तो पडला म्हणून. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली तेव्हा मी वरणात दुधी घालून वाढवायला शिकले. ते बघून पुढल्या साली सगळ्यांनीच तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ मध्ये खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. हमीभाव बोनससकट ५,०५० रुपये क्विंटल, आणि तोही मिळायचा तर आधी नंबर लागायला हवा. कधी बारदान संपलं, कधी गोदाम भरलं. भाऊ ट्रॉलीखाली झोपायचा. मी इकडे खूश होते, डाळ उतरली म्हणून.

त्यालाही विचारायला कोणी नाही. कापसाचा भाव काय म्हणून व्यापाऱ्याला छेडलं तर तो मोबाइल पुढे करतो, सरकी उतरली, वायदा उतरला, बाहेर मंदी आहे. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस त्यानं पाहिलाय. २०२५ च्या ऑगस्टात सरकारनं कापसावरचं आयातशुल्क काही महिन्यांपुरतं काढलं ते त्याला वेचणीच्या तोंडावर कळलं. शिव्या द्यायच्या तरी कोणाला? ज्याला द्याव्या तो "मी फक्त घेणारा" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

केळीचं तर विचारूच नका. भाव रोज जाहीर होतो, रावेरचा, बऱ्हाणपूरचा. सकाळी ग्रुपवर फिरतो. पण व्यापारी बागेत आला की घड बघून म्हणतो, माल हलका आहे, गाडी भरत नाही, दिल्लीला थंडी आहे. जाहीर भाव एक, हातात पडणारा दुसरा. झाडावर केळी पिकायला लागली की थांबताही येत नाही. कटाई होते, फण्या सुटतात, खोक्यात भरतात, गाडी जाते. तीच केळी, म्हणजे तिच्याच कुळातली, जळगावच्या मोठ्या दुकानात एकसारख्या रंगाची, देठाला चिकटपट्टी लावून, किलोच्या भावानं. आम्ही गाडीवर डझनानं घेणारी माणसं. मायनं तिथं एक फणी उचलली, तळहातावर तोलली, काटा यायच्या आधी वजन सांगितलं. बरोबर निघालं. मग भाव बघून फणी जागेवर ठेवली आणि माझ्या भावाला फोन लावायला सांगितला. भाऊ म्हणाला, "माय, तठेच भेट त्यासले. इचार, मना माल लेतस का."

यात एक खास आमच्याकडची गंमत आहे, ती सांगायलाच हवी. कंपन्यांना शिव्या देताना अमळनेरची माणसं जरा जपून असतात. १९४५ साली तिथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावानं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. तेव्हा गावातल्या लोकांनी घेतलेले शेअर काही घरांत जपून ठेवलेले, पिढ्यान् पिढ्या. तेव्हा साबण महागला म्हणून कुणी तावातावानं बोलायला लागलं की शेजारचा हळूच विचारतो, "काका, यंदा लाभांश किती आला?" आमच्या घरात एकही शेअर नाही, म्हणून आम्ही मोकळेपणानं कुरकुरतो.

आता कुरकुर होते ती मेहरूण तलावावर सकाळी फिरताना, नाहीतर ग्रुपवर. बिलाचा फोटो टाकायचा, खाली रडणाऱ्या तोंडांची रांग. एकजण लिहितो, बहिष्कार टाका. रविवारी तोच ट्रॉलीसकट भेटतो. मीही तिथंच असते. साखर, साबण, फरशीचं औषध तिथून. तेल वाण्याकडून किंवा तिथून, गुणाकार करून जे पडेल ते. भाजी मात्र नाही.

विशेषतः हिवाळ्यात भरताची वांगी. ती काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली घेण्यात अर्थ नाही. बामणोदकडची हिरवट पांढरी, चांगली मोठी वांगी, पण आकाराच्या मानानं हलकी लागली पाहिजेत. जड लागलं की आत बी. भोक दिसलं की अळी. ही वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजून लाकडी बडगीत ठेचली की काय होतं ते इथं सांगायला नको. माझी ठरलेली भाजीवाली आहे, ती मला हलकी वेचून देते, म्हणजे तोलानं विकणारी बाई स्वतःचं नुकसान करून देते, आणि वर मी भाव पाडून मागते.

परवा तिच्या पाटीशेजारी त्या मोठ्या दुकानाची पिशवी दिसली. साखर, चहा, पोराची बिस्किटं. मी म्हटलं, तूसुद्धा? म्हणाली, "ताई, तठे बरं वाटस. कोनी घासाघीस करत नई, कोनी इतलं महाग कसं म्हनत नई. मी दिनभर तेच ऐकस." मी जरा ओशाळले. म्हटलं, मग तू पाटीवर भाव का लिहून ठेवत नाहीस? ती म्हणाली, "मंग तुम्ही थांबशात का?"

भाव तिनं साठ सांगितला होता. पन्नासवर आली. मी मोबाइल काढला तसा तिनं क्यूआर कोडचा तो बोलका डबा हातानं झाकला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत आवाज खाली आणला. "रोखा द्या ना ताई. हाऊ वरडस, पन्नास रुपये आले म्हनीसन. मंग बाकीना बी पन्नासच देतस." बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून. वडिलांबरोबर मी पाहिलंय ते. मी पर्स उलटी केली. सुटे चाळीसच निघाले. दहा उद्यावर ठेवले तिनं, आणि वही काढून मांडूनही ठेवले.